व्हिजिटिंग कार्डावरील चकचकीत, उठावदार छपाई : पद्धती आणि मर्यादा

बोट फिरवताच हाताला जाणवणारी आणि प्रकाशात चमकणारी अक्षरे व्हिजिटिंग कार्डावर प्रामुख्याने दोन पद्धतींनी साधली जातात : थर्मोग्राफी आणि उठावाचे स्पॉट यूव्ही. दोन्हींमध्ये उंची मिळते ती कागद दाबून नव्हे, तर त्यावर राळेचा किंवा वार्निशचा थर चढवून. हा थर चढल्यावर दुरुस्ती शक्य नसते. त्यामुळे मजकुराला कोणती पद्धत मानवेल, हे छपाईपूर्वीच ठरवणे आवश्यक ठरते.

थर्मोग्राफीत मजकूर सावकाश वाळणाऱ्या शाईने छापला जातो. शाई ओली असतानाच त्यावर राळेची बारीक भुकटी पसरतात. ती ओल्या शाईलाच चिकटते; उरलेली भुकटी यंत्राद्वारे शोषून घेतली जाते. त्यानंतर कार्ड उष्णतेखालून जाते. भुकटी वितळून शाईशी एकजीव होते आणि थंड होताच फुगीर, तकतकीत होते. भुकटी पारदर्शक असल्यास शाईचा मूळ रंग कायम दिसतो.

वितळलेली राळ किंचित पसरते, हीच या पद्धतीची मुख्य मर्यादा होय. लहान टायपातील जोडाक्षरांच्या फटी बुजतात, तर अनुस्वार शेजारच्या मात्रेला चिकटू शकतो. छायाचित्रे आणि बारीक ठिपक्यांच्या छटाही नीट उमटत नाहीत. शिवाय, उष्णतेने राळ पुन्हा मऊ होत असल्याने असा उठाव असलेले कागद लेझर प्रिंटरमध्ये घालणे धोक्याचे असते, तसेच त्यावर नंतर लॅमिनेशन करणेही योग्य नसते.

स्पॉट यूव्हीमध्ये बहुधा मॅट लॅमिनेशन केलेल्या कार्डावर निवडक जागी पारदर्शक वार्निश लावले जाते आणि ते अतिनील प्रकाशाखाली तत्काळ कडक केले जाते. साध्या स्पॉट यूव्हीचा थर पातळ असतो; त्याने चमक येते, उठाव फारसा जाणवत नाही. त्यामुळे जाड थराची मागणी स्वतंत्रपणे नोंदवावी लागते. वार्निश छपाईपासून जरासे सरकले, तरी बारीक अक्षरांना दुहेरी कड दिसते. बोधचिन्ह आणि ठळक नाव यांना ही पद्धत शोभते. दूरध्वनी क्रमांक, पत्ता आणि क्यूआर कोड सपाट ठेवणेच हिताचे असते.

एम्बॉसिंग याहून वेगळे आहे. त्यात दोन साच्यांमध्ये कागद दाबला जातो, त्यामुळे मागील बाजूस खळगा उमटतो आणि चमक आपोआप येत नाही. भारतीय चलनी नोटांवरील महात्मा गांधी यांच्या प्रतिमेचा उठाव इंटॅग्लिओ छपाईचा असतो. तो स्पर्शाला जाणवतो, पण चकचकीत नसतो.

मागणी नोंदवण्यापूर्वी प्रत्यक्ष वापरायच्या कागदावरील नमुना मागवून तो तिरप्या प्रकाशात पाहावा आणि त्यावरील सर्वांत लहान अक्षरे वाचून खात्री करावी. क्रमांक वाचता आला नाही, तर कार्डाचा मूळ हेतूच विफल होतो.