आतला आवाज आणि त्याची कसोटी

ईश्वराची सेवा करावी असे पुष्कळांस वाटते. पण त्याची इच्छा ओळखावी कशी? १९३३ साली हा प्रश्न पुण्यातच उभा राहिला. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी ८ मे रोजी हरिजनसेवेसाठी आत्मशुद्धीचे २१ दिवसांचे उपोषण आरंभिले. ही आतल्या आवाजाची आज्ञा, असे ते सांगत. मात्र संशयी माणसास पटेल असा पुरावा आपणांपाशी नाही, हेही त्यांनी मान्य केले. सरकारने त्याच दिवशी त्यांना सोडले. उपोषण २९ मे रोजी पर्णकुटीत सुटले.

मग इतरांनी अशा आज्ञेची पारख कशी करावी? तिचा भार प्रथम कोणाच्या अंगावर पडतो, ते पाहावे. केवळ दुसऱ्यास झिजविणारा आवाज बहुधा आपल्याच अहंकाराचा असतो.