उसातली अळी आणि टँकमधली गोगलगाय

खाऱ्या पाण्याचा रीफ टँक ठेवणाऱ्या कुणालाही ऐप्टेशियाबद्दल विचारून बघा. आधी एक मोठा सुस्कारा ऐकू येईल. हे एक इवलंसं, तपकिरी, काचेसारखं समुद्रफूल. टँकमध्ये ठेवायला आणलेल्या दगडाला चिकटून गुपचूप घरात येतं. दिसायला गोंडस, पण शेजारच्या प्रवाळांना दंश करतं आणि बघता बघता टँकभर पसरतं. खरवडून काढावं तर मागे राहिलेल्या कणातून पुन्हा नवीन उगवतं. म्हणजे एक बग फिक्स केला आणि चार नवीन निघाले, त्यातला प्रकार :-)

बरं, औषध टाकावं तर तेही सोपं नाही. माशांच्या रोगावर तांब्याचं औषध चालतं, पण तेच रीफ टँकमध्ये टाकलं तर कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ सगळेच जातात. पाणी एकच, त्यामुळे औषधाला शत्रू-मित्र कळत नाही. मग उरतो एकच मार्ग: त्या किडीला खाणारं कुणीतरी आत सोडायचं.

आता तुम्ही म्हणाल, हा श्रीमंत शहरी छंदाचा प्रश्न, त्याचा कोल्हापूरशी काय संबंध? संबंध आहे. आमचं उचगाव करवीर तालुक्यातलं, शहराला लागून, पण उसाच्या पट्ट्यातलं. आणि हाच प्रश्न 2002 साली या सगळ्या पट्ट्यासमोर उभा राहिला होता, फक्त टँकच्या जागी हजारो एकर ऊस होता.

पण त्याआधी उसाचाच थोडा जुना इतिहास बघू. "खाणारा सोडा" या कल्पनेचे सगळ्यात गाजलेले घोटाळे उसातच झालेत.

1872 साली जमैकातल्या एका मळेवाल्याने उसातले उंदीर मारायला कलकत्त्याहून नऊ मुंगूस मागवले. सुरुवातीला सगळे खूश. 1883 मध्ये जमैकाहून मुंगूस हवाई बेटांवर गेले. अडचण एवढीच होती की उंदीर मुख्यतः रात्री फिरतो आणि मुंगूस दिवसा! मुंगसाने मग जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची आणि कासवांची अंडी खायला सुरुवात केली.

1935 साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये तोच प्रयोग दुसऱ्या प्राण्यावर झाला. उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणीच्या भुंग्यांवर उपाय म्हणून हवाईहून शंभरेक मोठे बेडूक आणले, वाढवले आणि सोडले. भुंगे बसायचे उसाच्या शेंड्याकडे, बेडूक राहिले खाली. भुंगे मजेत जगले. बेडूक विषारी, त्यामुळे त्यांना खाणारे तिथले प्राणी मेले. तो बेडूक आजही ऑस्ट्रेलियात पसरतोच आहे.

दोन्ही ठिकाणी चूक एकच. "हा प्राणी आपली कीड खातो का?" एवढंच विचारलं गेलं. "हा आणखी काय काय खातो? आणि कीड असते तिथे, असते त्या वेळी, हा पोचतो का?" हे विचारलंच नाही. टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनला रिलीज, आणि रोलबॅकची सोय नाही.

आता 2002. जुलै महिन्यात सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली कापूस चिकटल्यासारखं काहीतरी दिसलं. तो होता पांढरा लोकरी मावा. ही कीड मुळात जावातून नोंदलेली, भारतात पश्चिम बंगालमध्ये 1958 साली सापडलेली आणि पुढे ईशान्येत माहीत असलेली. इकडे मात्र नवीनच. काही महिन्यांतच ती पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात पसरली. मावा पानाच्या मागून रस शोषतो, चिकट गोड पाणी टाकतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि पान अन्न तयार करायचं थांबवतं. शिवाय मादीला नराची गरजच नाही, ती थेट पिल्लं देते. म्हणजे वाढ एक्स्पोनेन्शियल! त्यात दुष्काळाची वर्षं. कारखान्याच्या बिलावर ज्यांचं वर्ष चालतं, त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

फवारण्या सुरू झाल्या. पण मोठ्या उसात फवारायचं कसं? आमचे आबा एका वाक्यात सांगायचे, "आरं, फडात मानूस शिरत न्हाई, पंप कुठनं शिरनार?" पान धारदार, ऊस डोक्यापेक्षा कितीतरी उंच, मावा पानाच्या खालच्या बाजूला आणि अंगावर मेणाची लोकर. औषध त्याच्यापर्यंत पोचणं अवघड.

आणि तेवढ्यात फडांमध्ये दुसरं काहीतरी दिसायला लागलं. माव्याच्या लोकरीतच लपून बसलेली एक अळी, डिफा. एका छोट्या पतंगाची ही अळी उसाच्या पानाला तोंड लावत नाही, असे मावेच खाते. जोडीला मायक्रोमस नावाचा नाजूक पंखांचा कीटकही माव्यावर तुटून पडला. या दोघांना कुणी परदेशातून आणलं नव्हतं, ते माव्याच्या मागोमाग आपले आपण आले होते. संशोधकांनी आणि कारखान्यांनी मग त्यांना वाढवायला सुरुवात केली. डिफा असलेल्या पानांचे तुकडे एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन लावले गेले. पुढे ईशान्येतून एन्कार्सिया ही माव्याच्या शरीरात अंडी घालणारी अगदी बारीक माशीही आणून सोडली. काही वर्षांत मावा आटोक्यात आला. संपला नाही, अजूनही अधूनमधून दिसतो, पण त्याच्याबरोबर त्याला खाणारेही दिसतात.

यात सगळ्यात महत्त्वाचा सल्ला होता न करण्याचा: जिथे डिफा दिसते, तिथे फवारू नका. कारण औषधाने मावा अर्धवट मरायचा आणि डिफा मात्र पुरती. पुन्हा माव्याला रान मोकळं. वर्षाचं पीक डोळ्यासमोर पांढरं पडत असताना "थांबा, अळीला काम करू द्या" हे ऐकायला काय छाती लागत असेल, याचा एसीत बसून आपण अंदाजच करू शकतो.

टँकमध्येही नेमकं हेच आहे. ऐप्टेशियावर पेपरमिंट कोळंबी सोडतात, पण ती कधीकधी प्रवाळही कुरतडते. कॉपरबँड मासा सोडतात, तो टँकमधले शोभेचे नळीकिडेही फस्त करतो. बर्गिया नावाची बिनशंखाची समुद्री गोगलगाय मात्र ऐप्टेशियाशिवाय काहीच खात नाही. ती हळू काम करते, तिला आठवडे द्यावे लागतात, आणि ऐप्टेशिया संपला की बिचारी उपाशी मरते. म्हणून काही लोक ती वेळेवर दुसऱ्याच्या टँकला देऊन टाकतात. डिफाच्या पानांसारखीच!

सर्वभक्षी मदतनीस पहिल्या आठवड्यात भारी वाटतो. एकच काम नीट करणाऱ्याला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ देणं हाच यातला सगळ्यात अवघड भाग. पुढच्या वेळी गावी गेलात आणि पानामागे पांढरं दिसलं, तर पंप उचलण्याआधी ती लोकर बोटाने जरा बाजूला सारून बघा. आत कुणीतरी आधीच कामाला लागलेलं असू शकतं.