रात्र आपली, सकाळ कुणाची?

१४ जानेवारीची रात्र आम्ही दरवर्षी विद्यापीठाच्या गेटवर काढतो. पुस्तकांचे स्टॉल, गायन पार्ट्या, प्रत्येक गटाचं वेगळं व्यासपीठ, लेकरांना खांद्यावर घेऊन खेड्यापाड्यातून आलेली माणसं. चिकलठाण्याला परत येईपर्यंत मध्यरात्र उलटून गेलेली असते. १५ तारखेची सकाळ उजाडते तेव्हा घसा बसलेला, डोळे तांबारलेले आणि कानामागे निळीचा डाग राहिलेला. एमआयडीसीतली फर्स्ट शिफ्ट काही कुणासाठी थांबत नाही. कंपनीच्या गेटवर कुणीतरी सहज विचारतो, "काल काय होतं रे तुमचं?"

या 'तुमचं' शब्दावर आम्ही दरवर्षी अडतो. विचारणाऱ्याची मुलगी त्याच विद्यापीठात शिकते. पदवी घेईल तेव्हा तिच्या प्रमाणपत्रावर बाबासाहेबांचं नाव असेल. विद्यापीठ सगळ्यांचं, पण नामविस्तार दिन मात्र 'तुमचा'! म्हणजे रात्री जिंकलेली गोष्ट सकाळी पुन्हा आपल्याच वस्तीत ढकलली जाते. हे एका गेटवरचं, एका माणसाचं बोलणं नाही. आपल्या चळवळीच्या इतिहासात हे वारंवार घडलेलं आहे. आपण तारखा लक्षात ठेवतो त्या ठरावाच्या, दीक्षेच्या, मोर्चाच्या. त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी काय झालं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आमचं म्हणणं असं की, चळवळीचं खरं माप या दुसऱ्या दिवशी कळतं.

२८ जुलै १९७८

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव मंजूर केला. शरद पवारांचं पुलोद सरकार सत्तेवर येऊन तेव्हा जेमतेम दहा दिवस झाले होते. ज्या बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभं करून निजामी राजवटीत शिक्षणापासून दूर राहिलेल्या मराठवाड्याला उच्च शिक्षणाचं दार उघडून दिलं, त्यांचं नाव त्याच शहरातल्या विद्यापीठाला मिळणार होतं. वस्त्यावस्त्यांत आनंद होता.

दुसऱ्या दिवसापासून मराठवाडा पेटला. शहरात बंद आणि मोर्चे झाले. एसटी अडवल्या गेल्या, टेलिफोनच्या तारा तोडल्या, पूल आणि मोऱ्या फोडल्या. मग आग खेड्यांत उतरली. नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद या जिल्ह्यांतल्या गावागावांत बौद्ध-दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली, माणसं गाव सोडून पळाली. रस्ते आणि तारा तुटलेल्या असल्याने त्यांची हाक कुणापर्यंत पोचत नव्हती.

विद्यापीठाच्या नावाशी ज्वारीच्या शेतावर राबणाऱ्या मजुराचा काय संबंध होता? वरवर पाहता काहीच नाही. पण ज्याने येसकरकी सोडली होती, मेलेली जनावरं ओढायला नकार दिला होता, गायरान कसायला घेतलं होतं, पोराला शाळेत घातलं होतं, त्याच्यावरचा राग गावात आधीपासून साचलेला होता. ठरावाने त्या रागाला निमित्त दिलं. ठराव मुंबईत झाला आणि त्याची किंमत टेंभुर्णीत मोजली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या या गावात ४ ऑगस्ट १९७८ रोजी पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. 'जय भीम' सोडायला त्यांनी नकार दिला होता. ते मातंग समाजाचे होते. नामांतर हा एका जातीचा हट्ट आहे असं म्हणणाऱ्यांना पोचिराम कांबळे हे एकच नाव पुरेसं उत्तर आहे. आपल्यातल्याच पोटजातीच्या भिंती जपणाऱ्यांनाही तेच उत्तर आहे.

सरकारने ठराव केला, पण सकाळची तयारी केली नव्हती. खेड्यातल्या वस्तीला संरक्षण कोण देणार, याचा विचार झाला नव्हता. खरं सांगायचं तर आपणही तो केला नव्हता.

महाडपासूनचा धडा

हे पहिल्यांदा घडत होतं असं नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी घेतलं. त्याच दिवशी परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या. पाठोपाठ सनातन्यांनी गोमूत्र-शेण ओतून तळ्याची 'शुद्धी' केली. महाड नगरपालिकेने तळं खुलं करण्याचा आपलाच ठराव ४ ऑगस्ट १९२७ रोजी मागे घेतला. बाबासाहेब निराश होऊन घरी बसले नाहीत. त्याच वर्षी २५ डिसेंबरला ते पुन्हा महाडात उभे होते आणि त्या रात्री मनुस्मृती जळाली. प्रकरण कोर्टात होतं म्हणून दुसऱ्या वेळी त्यांनी तळ्यावर जाणं स्थगित केलं आणि लढाई कोर्टात नेली. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने लागला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं लागली. चवदार तळ्याचा फोटो आपण भिंतीवर लावतो, पण ती दहा वर्षांची कागदपत्रं, साक्षी, तारखा आपल्याला आठवत नाहीत.

नागपूरही आठवा. १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा आपल्याला पाठ आहे. १५ ऑक्टोबरच्या सकाळी बाबासाहेब काय करत होते? प्रकृती साथ देत नव्हती, तरी ते पुन्हा लोकांसमोर उभे राहिले आणि दीर्घ भाषण केलं. नागपूरच का निवडलं, बौद्ध धम्मच का, आता आपली जबाबदारी काय, हे सगळं समजावून सांगितलं. १६ तारखेला ते चंद्रपूरला दीक्षा देत होते. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी लोकांना कारण समजावून सांगणं हे त्यांना उत्सवाइतकंच महत्त्वाचं वाटत होतं.

त्यानंतर दोनच महिन्यांच्या आत ६ डिसेंबर आला. बाबासाहेबांचं पार्थिव रात्री विमानाने दिल्लीहून मुंबईला आणलं गेलं. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, आणि तिथेच, चितेच्या साक्षीने, भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून मोठ्या जनसमुदायाने धम्मदीक्षा घेतली. आयुष्यातल्या सगळ्यात काळ्या रात्रीनंतरचा दिवस आपल्या आजा-आजींनी असा वापरला.

जालना रोडने येणारा मोर्चा

नामांतराची लढाईही अशीच पुढे चालली. ११ नोव्हेंबर १९७९ रोजी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. औरंगाबादपर्यंतचं अंतर पाचशे किलोमीटरच्या घरातलं. मेहकर, सिंदखेडराजा, जालना अशी ही वाट, आणि जालन्याकडून शहरात शिरताना पहिलं लागतं ते आपलं चिकलठाणा. त्या महिन्याच्या अखेरीस खडकपूर्णा नदीच्या पुलावर पोलिसांनी मोर्चा अडवला, लाठ्या चालवल्या, अटका केल्या. आज ज्या जालना रोडवर विमानतळासमोर आपण सिग्नलला थांबतो, त्याच वाटेने तो मोर्चा यायचा होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

मोर्चा अडला, लढा थांबला नाही. सत्याग्रह, जेलभरो, लाठ्या, तुरुंग चालूच राहिले. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं. १४ जानेवारी १९९४ रोजी निर्णय झाला. ठरावापासून मोजलं तर पंधरा वर्षं, पाच महिने, अठरा दिवस.

आणि १५ जानेवारी १९९४ ची सकाळ? ती आनंदाची होती, पण निखळ नव्हती. मागणी नामांतराची होती, मिळाला नामविस्तार. 'मराठवाडा' शब्द कायम ठेवून बाबासाहेबांचं नाव आधी जोडलं गेलं. त्याच वर्षी नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं. म्हणजे ज्या नांदेड जिल्ह्याने पोचिराम कांबळे आणि गौतम वाघमारे दिले, तिथली महाविद्यालयं बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठाबाहेर गेली. आनंदाश्रू पुसता पुसता हा काटा जुन्या कार्यकर्त्यांना टोचला होता. तो त्यांना आजही टोचतो.

मग आपण काय करायचं?

काही जण म्हणतात, जुनी दुखणी कशाला उगाळायची? आम्ही विचारतो, जमाखर्च मांडल्याशिवाय पुढचं पान कसं उलटणार? १९७८ च्या सकाळी आपल्या हातात अॅट्रॉसिटी कायदा नव्हता. तो १९८९ मध्ये झाला. आज तो आहे. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी घटनास्थळी भेट द्यायची, दोषारोपपत्र साठ दिवसांत दाखल करायचं, असं नियम सांगतो. पण घटनेच्या रात्री व्हॉट्सअॅपवर पेटून उठणारे आपण, दुसऱ्या दिवशी सकाळी पीडित कुटुंबासोबत ठाण्यात किती जण असतो? एफआयआरची प्रत मागून घेणारा, त्यात कलमं बरोबर लागली का ते वाचणारा, साठावा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवणारा कार्यकर्ता प्रत्येक वस्तीत हवा. भाषण करणारे आपल्याकडे भरपूर आहेत.

आणि एमआयडीसीच्या गेटवरच्या त्या प्रश्नालाही उत्तर द्यायला हवं. "काल काय होतं रे तुमचं?" असं कुणी विचारलं की आम्ही आता चिडत नाही, टाळतही नाही. चहाच्या टपरीवर दहा मिनिटं थांबवून त्याला पोचिराम कांबळे कोण होते ते सांगतो. तुझी मुलगी शिकते ते विद्यापीठ कुणाच्या नावाचं आहे आणि ते नाव लागायला किती वर्षं लागली, तेही सांगतो. काही जण ऐकून गप्प होतात. काही जण पुढच्या वर्षी गेटवर येतो म्हणतात.

रात्री जागणं आपल्याला जमतं. आता सकाळी लवकर उठायची सवय लावून घेऊ.

जय भीम!