प्रोलाइट + साउंड
प्रोलाइट + साउंड हे व्यावसायिक ध्वनी, प्रकाश व रंगमंच उपकरणांचे आंतरराष्ट्रीय व्यापारी प्रदर्शन जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथे १९९५ पासून भरते. करोना साथीमुळे २०२० साली ते रद्द झाले.

मोठ्या ध्वनिवर्धकांचे खरे सामर्थ्य बंदिस्त दालनात दाखवता येत नाही. शेजारच्या कक्षांतील व्यवहाराची बोलणीच त्यात बुडून जातील. म्हणून उपकरणे दालनात पाहायची आणि ऐकायची मात्र मोकळ्या आवारात, असा काहीसा विपरीत प्रकार येथे आढळतो.

भारतीय प्रदर्शकांना आपली उपकरणे तात्पुरती नेण्यासाठी फिक्कीकडून मिळणारा 'एटीए कार्ने' हा सीमाशुल्क दस्तऐवज उपयोगी पडतो. त्यामुळे तेथे आयातशुल्क भरावे लागत नाही. मात्र मुदतीत, म्हणजे फार तर वर्षभरात, माल परत न नेल्यास ते अंगावर येते. साहजिकच, ग्राहक समोर उभा असला तरी मांडलेला संच त्याला तिथल्या तिथे विकण्याचा मोह आवरावा लागतो.