जुन्या डिझेलला चढलेला भाव

कॅलिफोर्नियात २०१० साली डिझेल गाड्यांची धूरतपासणी सक्तीची झाली, तेव्हा कायद्याने मधोमध एक रेघ ओढली. गाडी १९९८ किंवा त्यानंतरच्या मॉडेलची असेल आणि वजनाच्या मर्यादेत बसत असेल, तर तिला तपासणीला न्यायचे. १९९७ किंवा त्याआधीची असेल, तर नाही. आता डॉज कंपनीच्या राम पिकअपमध्ये १९९७ साली कमिन्सचे जे सहा सिलिंडरचे इंजिन बसत होते, तेच १९९८च्या मॉडेलच्या सुरुवातीच्या गाड्यांतही होते. पंप तोच, ब्लॉक तोच, धूरही तोच. तरी एकीला तपासणी आणि दुसरीला मोकळीक. त्या राज्यात जुनी डिझेल पिकअप विकणारा माणूस गाडीचे साल आधी सांगतो आणि रंग, टायर, टेप नंतर, त्याचे कारण हेच.

गाडी जुनी झाली की भाव उतरतो, हे वाहनबाजारात कुणी कुणाला शिकवावे लागत नाही. अमेरिकेतल्या दणकट डिझेल पिकअपच्या बाबतीत मात्र हा हिशेब चुकत आला आहे. नीट राखलेली, गंज न लागलेली, हाती गिअरची १९९६-९७ची कमिन्स पिकअप तिच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी नव्या असलेल्या डिझेल पिकअपहून महाग विकली जाते, याचे तिथल्या गिऱ्हाइकांना आता आश्चर्य वाटत नाही. जुन्याची हौस हे त्याचे एक कारण आहे, पण लहानसे. खरे कारण इंजिनांच्या आणि कायद्यांच्या इतिहासात आहे.

त्या इतिहासाची सुरुवात मात्र डिझेलच्या बदनामीने झाली. १९७०च्या दशकातल्या तेलटंचाईने अमेरिकी कारखानदारांना एव्हरेजची चिंता लागली आणि जनरल मोटर्सने १९७८च्या मॉडेलपासून आपल्या ओल्ड्समोबिल या ब्रँडचे ५.७ लिटरचे डिझेल इंजिन बाजारात आणले. पेट्रोल इंजिनाच्या आराखड्यावरून ते बेतलेले होते. ब्लॉक मजबूत केला होता, पण हेड आवळणाऱ्या बोल्टांची मांडणी पेट्रोल इंजिनाचीच राहिली. डिझेलमध्ये दाब कितीतरी जास्त. बोल्ट ताणले जात, हेड गॅस्केट उडे. डिझेलमधले पाणी वेगळे काढणारे सेपरेटरही दिलेले नव्हते, त्यामुळे पंप गंजत. १९८५मध्ये हे इंजिन बंद झाले, पण तोवर मोटारीतले डिझेल म्हणजे डोक्याला ताप, ही समजूत अमेरिकी गिऱ्हाइकाच्या मनात पक्की बसली होती.

त्याच काळात जनरल मोटर्सने ६.२ लिटरचे आणि फोर्डने इंटरनॅशनल हार्वेस्टरकडून घेतलेले ६.९ लिटरचे डिझेल पिकअपमध्ये दिले. ती बरी होती. डिझेल वाचवत, पण ओढ बेताचीच, कारण त्यांना टर्बो नव्हता.

इथे इंडियाना राज्यातल्या कोलंबस या छोट्या गावाची गोष्ट येते. क्लेसी कमिन्स हा तिथल्या आयर्विन नावाच्या बँकवाल्याचा ड्रायव्हर आणि मेकॅनिक. मालकाच्या पैशावर त्याने १९१९ साली इंजिनाचा कारखाना काढला. डिझेलचा त्याला ध्यास होता. १९३१च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत त्याच्या डिझेल इंजिनाची गाडी उतरली आणि एकदाही न थांबता तिने सगळे ५०० मैल पुरे केले. त्या शर्यतीत असे आधी कुणालाच जमले नव्हते. पहिला नंबर आला नाही, पण कमिन्सला सिद्ध करायचे होते ते झाले: इंजिन थांबत नाही. पुढची पन्नासेक वर्षे ही कंपनी मोठे ट्रक, जनरेटर आणि बांधकामाची यंत्रे यांच्यासाठीच इंजिने करत राहिली. पिकअप हा तिचा बाजारच नव्हता.

१९८०च्या दशकात कमिन्सने शेतीयंत्रे बनवणाऱ्या केस कंपनीबरोबर बी मालिकेची इंजिने तयार केली. ती होती ट्रॅक्टर, मळणीयंत्रे आणि मध्यम ट्रकसाठी. त्यातले ५.९ लिटरचे सहा सिलिंडरचे टर्बो इंजिन डॉजने १९८९च्या मॉडेलमध्ये आपल्या पिकअपला बसवले. पिकअपच्या विक्रीत फोर्ड आणि शेव्हरोले यांच्या फार मागे पडलेल्या डॉजला काहीतरी वेगळे करणे भागच होते. ताकद १६० अश्वशक्ती, टॉर्क ४०० पाउंड-फूट. अश्वशक्तीचा आकडा आज किरकोळ वाटेल, पण गुरांची ट्रॉली मागे जोडून चढ चढणाऱ्या शेतकऱ्याला टॉर्क लागतो आणि तो इथे भरपूर होता. इंजिनाचे वजन अर्ध्या टनाच्या घरात. ट्रॅक्टरचा जीव पिकअपच्या अंगात घातल्यासारखेच ते होते.

या इंजिनाची बांधणी नीट बघायला हवी, कारण आजच्या भावाचे मूळ तिच्यात आहे. व्हॉल्व्ह बारा. आत कॅमशाफ्ट फिरवायला पट्टा नाही, साखळी नाही. दातेरी चक्रेच, म्हणजे तुटायची वस्तूच कमी. वर सहा सिलिंडरांना सहा वेगळी छोटी झाकणे, प्रत्येकाला एकच बोल्ट. टॅपेट सेट करायचे तर झाकण उचला, इंजिन हाताने फिरवून घ्या, फिलर गेजची पट्टी सरकवा: इनटेकला इंचाचा शंभरावा भाग, एक्झॉस्टला त्याच्या दुप्पट. लॉकनट आवळा की काम झाले. शनिवारी दुपारी अंगणात होणारे काम आहे हे. १९९४पासून या इंजिनाला बॉशचा पी-७१०० हा सरळ ओळीचा पंप आला. प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल जावे, हे त्यात लोखंडच ठरवते, कॉम्प्युटर नव्हे. एकदा सुरू झाल्यावर या इंजिनाला विजेची गरज जवळजवळ एवढीच, की डिझेल बंद करणारा सोलेनॉइड उघडा राहावा. तो बिघडला तर लिव्हर तारेने बांधून घर गाठता येते. आडरानात गॅरेजपासून दूर राहणाऱ्या माणसाला या एका गोष्टीची किंमत डॉलरमध्ये कळते.

हे इंजिन मराठी माणसाला परके नाही. कमिन्स १९६२मध्येच किर्लोस्करांबरोबर पुण्यात आली आणि किर्लोस्कर कमिन्सचा कोथरूडचा कारखाना हा कित्येक कुटुंबांच्या पगाराचा पत्ता झाला. पुढे १९९३मध्ये टाटांबरोबर टाटा कमिन्स ही कंपनी निघाली आणि तिच्या जमशेदपूरच्या कारखान्यात हेच ५.९ लिटरचे बी मालिकेचे इंजिन टाटाच्या ट्रकसाठी बनू लागले. टेक्सासचा शेतकरी ज्या ब्लॉकसाठी आज घासाघीस करतो, त्याच घराण्याच्या ब्लॉकने आपल्याकडे साखर, सिमेंट आणि कांदा ओढला. फरक इतकाच, की इथे ते पोटापाण्याच्या ट्रकमध्ये होते आणि तिकडे घरच्या गाडीत. म्हणूनच तिकडच्या कितीतरी गाड्या कमी चाललेल्या आणि जपलेल्या राहिल्या.

फोर्डच्या बाजूला अशीच इज्जत ७.३ लिटरच्या पॉवरस्ट्रोकला आहे. नेव्हिस्टारने बनवलेले हे इंजिन १९९४च्या सुमारास आले आणि २००३पर्यंत चालले. त्यात इलेक्ट्रॉनिक्स होते, पण बेताचे. कॅमशाफ्टची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरने दगा दिला की इंजिन जागच्या जागी बंद पडते; म्हणून जाणकार मालक एक जादा सेन्सर आणि त्याच्या मापाचा पाना डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतात. मोठ्या दुखण्याची ही एवढी स्वस्त तजवीज पुढच्या इंजिनांच्या नशिबी नव्हती.

कारण मधल्या काळात कायदा कडक होत होता, आणि तो कडक होणे गरजेचे होते. डिझेलच्या धुरातली काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइड यांनी शहरांची हवा नासत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२मध्ये डिझेलचा धूर कर्करोग करतो, असे निश्चित मानले. त्याच्या आधीच, जानेवारी २००१मध्ये, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने नियम काढला होता: २००७पासून काजळी जवळजवळ नाहीशी करायची आणि २०१०पर्यंत नायट्रोजन ऑक्साइडही आणायचे तसेच खाली. त्यासाठी डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाखांत ५०० भागांवरून १५ भागांवर आली. नियम चांगला होता. पण तो पाळण्याच्या घाईत जी इंजिने बाजारात आली, त्यांनी जुन्या गाड्यांचा भाव वाढवला.

फोर्डने २००३मध्ये आणलेले ६.० लिटरचे पॉवरस्ट्रोक हे त्याचे सर्वांत दुखरे उदाहरण. नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला जळलेल्या धुराचा काही भाग थंड करून परत इंजिनात सोडायचा, ही योजना. ऑइल कूलर चोंदला की धूर थंड करणाऱ्या कूलरपर्यंत पाणी पोहोचत नसे, तो फुटे. मग दाब वाढून हेड गॅस्केट जाई. हेड उतरवायचे तर पुष्कळ गॅरेजांत वरची केबिनच चेसिसवरून उचलून घेत. वॉरंटीच्या खर्चावरून फोर्ड आणि नेव्हिस्टार २००७मध्ये कोर्टात गेले. गाडी घेणाऱ्याने त्यातून एवढेच घेतले, की पैसे सुरक्षित ठेवायचे तर ६.०च्या आधीचे ७.३ लिटरचे इंजिन बरे.

२००७पासून काजळी अडवणारा फिल्टर सगळ्या नव्या डिझेल पिकअपच्या सायलेन्सरच्या वाटेवर बसला. साठलेली काजळी त्यात वेळोवेळी जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी गाडी तापून सलग पळावी लागते. रोज पाच मैल जाऊन मुलांना शाळेत सोडणाऱ्या पिकअपचा फिल्टर चोंदतो. मग आली युरियाच्या द्रावणाची टाकी. फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या पिकअपना ती २०११च्या मॉडेलपासून, रामला २०१३पासून. द्रावण संपले किंवा सेन्सरने तसे म्हटले, तर गाडी स्वतःहून वेग कमी करते. ही सगळी यंत्रणा बिघडली की बिल हजारो डॉलरचे. नवी गाडी धडधाकट असतानाही तिचा दुसरा-तिसरा मालक हे बिल आधीच किमतीतून वजा करून भाव सांगतो. जुन्या गाडीत ही वजाबाकीच नाही. तिची दुखणी लोखंडाची आहेत, आणि लोखंडाला मिस्त्री सापडतो.

नियमाचा राग काहींनी भलत्या वाटेने काढला. फिल्टर कापून टाकायचे, कॉम्प्युटरला खोटी माहिती द्यायची, असा धंदाच उभा राहिला. पर्यावरण खात्याने २०२०मध्ये काढलेल्या अंदाजानुसार त्याआधीच्या दहा-एक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषणरोधक यंत्रणा अशी काढली गेली होती. गाडीवाल्याने वाचवलेल्या पैशाची फेड रस्त्याकाठच्या दम्याच्या मुलाने करावी, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही. कारखानदारही सुटले नाहीत: डिसेंबर २०२३मध्ये खुद्द कमिन्सने राम पिकअपच्या लाखो इंजिनांत चाचणीला फसवणारी सोय ठेवल्याच्या आरोपावरून १६७ कोटी ५० लाख डॉलरचा दंड भरायचे मान्य केले. स्वच्छ हवेच्या कायद्याखालचा तो सर्वांत मोठा दिवाणी दंड. यंत्रणा काढणे बेकायदा असल्याने व्यापारी अशा गाडीला हात लावायला कचरतात आणि तिचा भाव आणखी पडतो. १९९७च्या गाडीत काढण्यासारखा फिल्टर किंवा युरियाची टाकी नव्हतीच. तिचा विक्रेता बेफिकीर असतो.

उलटे काय घडते, ते दिल्लीत दिसले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या राजधानी परिसरातून हटवायला सांगितले आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती बंदी उचलून धरली. चांगल्या चालत्या गाड्या मातीमोल भावात दुसऱ्या राज्यांत गेल्या. यंत्र टिकाऊ असण्याने भाव टिकत नाही. कायद्याने त्याला रस्त्यावर राहू द्यावे लागते. अमेरिकेत नवे नियम नव्या गाड्यांना लागले, आधीच्या गाड्या आपल्या सालाच्या नियमांवर राहिल्या, आणि त्या आता नव्याने बनू शकत नाहीत. मागणी असलेला माल बनायचा थांबला, की भाव चढणारच.

म्हणून काय, १९९७ची प्रत्येक कमिन्स सोने नाही. जाणकार गिऱ्हाईक आधी खाली वाकून चेसिस बघतो, कारण उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते लोखंड खाते. ॲरिझोना किंवा न्यू मेक्सिकोच्या कोरड्या हवेतली गाडी त्याच कारणाने महाग. मग तो इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडतो: तिथून धूर फुसफुसत असेल, तर पिस्टन रिंगा थकल्या. पुढच्या चक्रांच्या पेटीत एक लहान पोलादी पिन असते. ती सैल होऊन चक्रांत पडली तर पेटी फुटते. तिच्यावर पट्टी बसवून घेतली का, हा प्रश्न ठरलेला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स या इंजिनाच्या ओढीला पुरा पडत नाही, म्हणून हाती गिअरच्या गाडीला जास्त पैसे. डॅशबोर्डचे प्लास्टिक तडकलेले असणारच, त्यावर कुणी भाव पाडत नाही.

आणि बॉडी पार गेली तरी व्यवहार संपत नाही. पाव-बिस्किटांची ने-आण करणाऱ्या जुन्या डबा व्हॅनमध्येही हेच बारा व्हॉल्व्हचे इंजिन बसत असे. अशा व्हॅन लिलावात निघाल्या की इंजिन काढून घेण्यासाठी पिकअपवाले बोली लावतात. काही जण तर त्यानंतरच्या, चोवीस व्हॉल्व्हच्या इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक पंप उतरवून त्याच्या जागी जुना पी-७१०० बसवून घेतात. तो नीट दुरुस्त करून देणारी वर्कशॉप आजही त्या एका पंपावर धंदा करतात.