वाङ्निश्चयाची अंगठी : गडचांदूर परिसराच्या संदर्भात

वाङ्निश्चयाच्या प्रसंगी वधूवरांनी एकमेकांच्या बोटांत अंगठी घालावी, ही रीत आज महाराष्ट्रात बहुतेक सर्वत्र रूढ झालेली दिसते. तिच्या उगमाविषयी दोन मते ऐकू येतात. ही रीत पाश्चात्त्यांकडून आली आणि साखरपुड्यावर तिचे कलम झाले, असे एक मत आहे. दुष्यंताची मुद्रिका व मारुतीने अशोकवनात नेलेली रामाची मुद्रिका यांच्या आधारे ती अस्सल भारतीय ठरविणारे दुसरे. दोन्ही मते अपुऱ्या पुराव्यावर उभी आहेत. शिवाय प्रश्न केवळ उगमाचा नाही. अंगठी निवडतो कोण, पारखतो कशाने, आणि सोयरीक मोडल्यास ती कोणाची, हे तीन व्यावहारिक प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. चंद्रपूरच्या नैर्ऋत्येस असलेला गडचांदूरचा परिसर या विवेचनास विशेष सोयीचा आहे. कारण तेथे मराठी, तेलुगू व गोंडी या तीन भाषांचे समाज शेजारी नांदत आले आहेत.

प्रथम शब्दांचा विचार करू जाता असे दिसते, की 'मुदी' हा शब्द 'मुद्रिके'पासून आलेला असून मुद्रिकेचे मूळचे काम शिक्का उमटविण्याचे, म्हणजेच ओळख पटविण्याचे आहे. रामाची मुद्रिका सीतेला दूताची खूण पटविते. दुष्यंताची मुद्रिका गांधर्व विवाह झाल्यानंतर, निरोपाच्या वेळी दिलेली आहे. या दोहोंपैकी एकही वाङ्निश्चयाची अंगठी नव्हे. तेव्हा काव्यांतील या प्रसिद्ध दाखल्यांवरून वाङ्निश्चयाच्या रिवाजाविषयी काहीच सिद्ध होत नाही.

पुरावा आहे तो काव्यात नसून व्यवहारशास्त्रात आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत वाग्दत्त कन्येसंबंधी स्पष्ट नियम आढळतात. कन्या देऊ केल्यावर जो ती नाकारील त्याला दंड करावा, आणि वरपक्षाचा झालेला खर्च त्याने व्याजासह भरून द्यावा. मात्र अधिक योग्य वर मिळाल्यास दिलेला शब्द फिरविण्याची मुभाही तीच स्मृती अन्यत्र देते. विवाहापूर्वीच वाग्दत्ता मरण पावल्यास, दोन्ही पक्षांचा खर्च वजा जाता वराने आपण दिलेले परत घ्यावे, असाही नियम आहे. या 'दिलेल्या' वस्तू कोणत्या, हे सांगताना चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याणी येथे 'मिताक्षरा' लिहिणारा विज्ञानेश्वर अंगठीचा आरंभीच उल्लेख करतो. वराने वाग्दत्तेला अंगठी देणे ही गोष्ट दख्खनमध्ये सुमारे ९०० वर्षांपूर्वी टीकाकाराला सहज सुचावी इतकी परिचित होती, असे यावरून म्हणता येते.

तथापि या पुराव्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. विज्ञानेश्वराची अंगठी एकतर्फी आहे; ती वराकडून वधूला जाते. ती अनेक भेटवस्तूंपैकी एक आहे, विधीचा केंद्रबिंदू नाही. निश्चय होतो तो वाचेने, आणि 'वाङ्निश्चय' हे नावच त्याची साक्ष देते. 'साखरपुडा' हे लौकिक नावदेखील साखरेच्या पुड्यावरून पडले आहे, अंगठीवरून नव्हे. रोमन समाजातील स्थितीही याहून फार वेगळी नव्हती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील प्लिनी सांगतो, की वाग्दत्त वधूला खड्याविना लोखंडाची अंगठी पाठविण्याची चाल त्याच्या काळीही टिकून होती. चौथ्या बोटापासून हृदयापर्यंत एक नाजूक मज्जातंतू जातो, ही समजूत ऑलस गेलियसने पुढील शतकात नोंदविली. भारतीय परंपरेत त्याच बोटाला 'अनामिका' म्हणतात, आणि धर्मकृत्यात दर्भाचे पवित्रक उजव्या हाताच्या त्याच बोटात घालतात. बोट एकच असले, तरी त्यामागील कल्पना स्वतंत्र आहेत.

आता गडचांदूरकडे वळावयाचे. माणिकगडच्या डोंगराजवळचे हे गाव निजामी राजवटीत आदिलाबाद जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यात मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो तालुका मुंबई राज्यात येऊन नांदेड जिल्ह्यास जोडला गेला, आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. वर्धा नदीच्या अलीकडे निजामाचा हाली शिक्का व पलीकडे इंग्रजी कलदार रुपया अशी स्थिती दीर्घकाळ होती. नदी ओलांडून सोने घेणाऱ्यास भावाबरोबर नाण्यांचा वटावही पाहावा लागे. अशा परिस्थितीत अंगठीची 'निवड' म्हणजे मुख्यतः वजनाची व कसाची निवड होती. १२ माशांचा तोळा व ८ गुंजांचा मासा या हिशेबाने घरातील वडील मंडळी सोने ठरवीत. कसोटीच्या दगडावरील रेघ पाहून सोनार कस सांगे. घडणीच्या नक्षीपेक्षा मोडीला किती येईल, हा विचार प्रधान असे. शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने तो सर्वथा योग्यही होता. कारण दुष्काळात हेच सोने बियाण्याला कामी येई.

याच प्रदेशातील गोंड समाजाची रीत निराळ्या तत्त्वावर उभी होती. फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. गोंडांमध्ये वधूमूल्य वरपक्ष देई; ज्याला ते देणे शक्य नसे तो तरुण 'लामसेना' होऊन भावी सासऱ्याच्या घरी काही वर्षे राबे. येथे निश्चयाची खूण धातूची नसून श्रमाची आहे. पूर्वेकडे बस्तरमधील मुरिया तरुण आपल्या हाताने कोरलेल्या फण्या मुलींना देत, असे व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ मध्ये नमूद केले आहे. फणी विकत आणण्यापेक्षा स्वतः घडविण्यात तिचे मोल होते. स्वतः निवडून वस्तू द्यावी ही कल्पना आधुनिक शहरी मनाची निर्मिती आहे, असे मानणाऱ्यांनी या दाखल्याचा विचार करावा.

हिऱ्याच्या बाबतीत या जिल्ह्यांचा इतिहास अधिकच लक्षणीय आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड हे हिऱ्यांच्या खाणीसाठी एकेकाळी प्रसिद्ध होते. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त तेथील खाणीचा निर्देश केला आहे. चोल राजा पहिला कुलोत्तुंग याच्या प्रशस्तीतील 'वयिरागरम्' म्हणजे हेच स्थान, असे अभ्यासकांनी मानले आहे. असे असूनही या प्रदेशातील सामान्य जनांच्या वाङ्निश्चयाशी हिऱ्याचा संबंध आलेला दिसत नाही. खाण होती ती राजसत्तेच्या ताब्यात. वाङ्निश्चय म्हणजे हिरा, हे समीकरण पुढे निराळ्याच वाटेने आले. डी बिअर्स कंपनीसाठी एका अमेरिकन जाहिरातसंस्थेतील फ्रान्सिस गेरेटी यांनी १९४७ मध्ये हिऱ्याला अक्षयत्वाशी जोडणारे घोषवाक्य रचले. परंपरा म्हणून जे आज विकले जाते त्यातील बराच भाग अशा रीतीने विसाव्या शतकातील व्यापाराने घडविलेला आहे.

सोन्यावरही शासनाचा हात पडला. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले आणि नवे दागिने १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे घडविण्यास बंदी झाली. देशभरातील असंख्य सोनारांचा रोजगार त्यामुळे बुडाला. शुद्धतेची ही मर्यादा १९६६ मध्ये उठली. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत टिकला. पुढे २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. सोनाराच्या शब्दावरील विश्वासाची जागा या छापाने घेतली. १९८० नंतरच्या दशकात गडचांदूर परिसरात सिमेंटचे कारखाने उभे राहिले आणि मासिक पगारावर जगणारा वर्ग वाढला. सुगीच्या पैशातून वडिलांनी घेतलेले सोने आणि स्वतःच्या पगारातून तरुणाने घेतलेली अंगठी यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात कुटुंबाची ठेव असते, दुसरीत व्यक्तीची निवड.

या बदलाचे मूल्यमापन करताना एक भेद विसरता कामा नये. वधूवरांनी परस्परांना अंगठी देणे ही विज्ञानेश्वराच्या काळच्या एकतर्फी भेटीपेक्षा समतेची गोष्ट आहे. परंतु वराच्या बोटातील अंगठी जेव्हा वधूपित्याकडून मागून घेतली जाते, आणि तिचे वजन बैठकीत ठरविले जाते, तेव्हा ती भेट राहत नाही. १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्याचा रोख अशाच मागण्यांवर आहे. स्वेच्छेने दिलेल्या भेटींची यादी ठेवण्याचे नियम १९८५ मध्ये झाले, यावरून भेट व मागणी यांतील रेषा आखण्याची गरज कायद्यालाही भासली हे दिसते. याज्ञवल्क्याने देण्याघेण्याचा हिशेब मांडला होता. आधुनिक कायद्याने त्या हिशेबात वधूचा हक्क आणला.

सारांश, वाङ्निश्चयाची अंगठी निव्वळ उसनी नाही, आणि तिचे आजचे रूप निव्वळ प्राचीनही नाही. वस्तू जुनी आहे. तिचे केंद्रस्थान, तिची देवाणघेवाण आणि तिच्यावरील खडा ही नवी आहेत. गडचांदूरच्या इतिहासात शब्द, साखर, श्रम, फणी व सोने या सर्व खुणा शेजारी शेजारी आढळतात. त्यांतील प्रत्येक खुणेचे मोल देणाऱ्याने तिच्यासाठी काय वेचले यावर ठरत आले. निवडीचा अधिकार वडिलांकडून वधूवरांकडे आला, हा या इतिहासातील खरा बदल होय. अंगठी ही त्या बदलाची केवळ दृश्य खूण आहे.