वंशावळीत नसलेली माणसे

आपल्या समाजातल्या तरुणाला पणजोबाचे नाव पहिल्यांदा कधी शोधावे लागते? जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज भरताना. अनुसूचित जातीच्या अर्जदाराकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. मग गावाकडे चुलत्याला फोन जातो, शाळेच्या जुन्या रजिस्टरचा उतारा काढला जातो, तहसील कचेरीत कोतवाल बुकाची नक्कल मिळवण्यासाठी हेलपाटे होतात. शपथपत्रावर वंशावळ तयार होते. प्रमाणपत्र हातात पडले की फाईल कपाटात जाते आणि पणजोबाही तिच्यासोबत कपाटात जातो.

वस्त्यांमध्ये हे अर्ज भरायला मदत करताना आम्हाला एक गोष्ट सतत खुपत आली आहे. ही वंशावळ फक्त बापाकडची असते. आजी, आत्या, लहानपणी गेलेली मुलगी, नवऱ्याने टाकल्यावर भावाकडे राहिलेली बहीण यांना तिथे रकाना नाही. जुन्या नोंदीत माणसाचे नाव, बापाचे नाव आणि अनेकदा आडनावाच्या जागी थेट जात. सरकारला आपल्या पूर्वजाबद्दल एवढेच जाणून घ्यायचे होते. म्हणून आम्ही तरुणांना सांगतो, कागद जमले ना, आता घरातली पत्र्याची ट्रंक उघडा. तिच्यात फोटो असतात.

फोटोचाही इतिहास निर्मळ नाही, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. १८५७ नंतर इंग्रज सरकारला इथली माणसे 'ओळखायची' होती. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड निघाले. फोटो माणसाचा आणि त्याखाली बहुतेक ठिकाणी नाव जातीचे किंवा जमातीचे. म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभी असलेली व्यक्ती कोणी नव्हतीच, ती जातीचा नमुना होती. त्याच सुमारास मुंबईत विल्यम जॉन्सन नावाच्या फोटोग्राफरने इथल्या लोकांच्या फोटोंचे ग्रंथ काढले. त्यात स्टुडिओत टिपलेल्या माणसांच्या मागे दुसरीकडचे देखावे जोडलेले आहेत. माणूस खरा, जागा खोटी. मनुस्मृती आणि कॅमेरा यांची दोस्ती इतक्या लवकर जमली होती!

आपल्या लोकांनी पुढे स्वतः पैसे मोजून स्टुडिओत फोटो काढले, त्याचे मोल म्हणूनच मोठे आहे. तिथेही मागचा पडदा रंगवलेला असे, पण त्याच्यापुढे कसे उभे राहायचे हे थोडेफार आपण ठरवत होतो. मुंबईतल्या एका बीडीडी चाळीत पुनर्विकासासाठी खोली रिकामी होत असताना असा एक फोटो आमच्या हाती आला. कोट घातलेला तरुण, शेजारी दोन बाया, पुढे सातआठ वर्षांची मुलगी. घरातल्या नातवाला एकच चेहरा ओळखता आला, आजोबांचा. आम्ही फोटो आजींच्या हातात दिला.

"ह्यो कोट ह्यांचा न्हाई. फोटूवाल्याचा हाय," आजी म्हणाल्या. "आमच्याकडं कुठला आला कोट? ही माझी थोरली जाऊ. गिरणीत हुती. आन् ही पोरगी माझी नणंद. तापानं गेली."

"आजी, आम्हाला कधी सांगितलंच नाहीस!" नातू म्हणाला.

"तू कधी इचारलंस?"

त्या घराची वैधतेची फाईल आम्ही पाहिलेली होती. त्यात ना जाऊ होती, ना नणंद. आता गिरणी हा एकच शब्द घ्या. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि तिथे विटाळ आडवा येई. त्या खात्यात पगार जास्त होता. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला होता. जाऊबाई कोणत्या खात्यात होत्या, पगार किती, सुटी झाल्यावर पाणी कुठे पीत, हे विचारायला बसलो तर एका फोटोतून कामगार चळवळीचा आणि जातीचा इतिहास उलगडतो. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला 'स्थलांतर' शिकवले, पण त्यात असा कोट नव्हता.

फोटो वाचायला शिकावे लागते. पणजोबा लष्करी गणवेशात असतील तर टोपीवरचा बिल्ला भिंगातून बघा. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली. १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली, तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. तो दिसला तर फोटोचा काळ बऱ्यापैकी ठरतो. बायांच्या फोटोत लुगड्याचा काठ कुठवर आला आहे, गळ्या-हातात दागिने कोणते आहेत, हे पाहा. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना जातीची खूण सांगणारी लुगड्याची पद्धत आणि दागिने टाकून द्यायला सांगितले होते. पणजीचे मोकळे मनगट ही गरिबी असेल, किंवा तो निर्णयही असेल. दागिने मोडले की सोडले, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसालाच विचारता येते.

काही कार्यकर्ते म्हणतात, धम्म घेतला, श्राद्ध-पिंड सोडले, आता पूर्वजांचे फोटो कशाला कुरवाळायचे? आम्हाला हा आक्षेप पटत नाही. देव्हाऱ्यातल्या टाकाला नैवेद्य लागत होता. फोटोला माहिती लागते. बावीस प्रतिज्ञांनी पितरांची भीती घालवली, पणजीचे नाव विसरायला सांगितले नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या मुलाखती घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये दिले, ते पूर्वजपूजा म्हणून नाही.

आणि आपल्या भिंतीवरचाच फोटो घ्या. फेब्रुवारी १९३४, राजगृह. बाबासाहेब आणि माता रमाई सगळ्यांना ओळखू येतात, यशवंतरावही. पण सोबत बसलेल्या लक्ष्मीबाई, म्हणजे बाबासाहेबांच्या थोरल्या भावाची, आनंदरावांची पत्नी, आणि पुतण्या मुकुंद? शिबिरात विचारून बघा, पुढचा टॉबी कुत्रा जास्त जणांना माहीत असतो. ही नावे टिकली, कारण कोणीतरी ती लिहून ठेवली. आपल्या घरातल्या फोटोंच्या मागची बाजू बहुतेक कोरी आहे. जातीचा नमुना म्हणून काढलेल्या फोटोखाली नाव नव्हते आणि आपणच काढलेल्या फोटोमागेही नाही, मग नातवाने फरक कशावरून करायचा?

चाळी पडत आहेत, ट्रंका रद्दीत जात आहेत. तेव्हा आजच सुरुवात करा. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट मोबाईलवर टिपा. पाठीमागे बॉलपेन नको, शाई उमटते, मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहा. फाटलेल्याला सेलोटेप लावू नका. डावीकडून उजवीकडे नावे, बाईचे माहेरचे नावसुद्धा, गाव, काम. सांगणाऱ्याचा आवाज रेकॉर्ड करा. जो चेहरा कोणालाच ओळखू येत नाही तिथे प्रश्नचिन्ह घाला, अंदाजाने नाव लिहू नका. पुढच्या लग्नाला किंवा पुण्यानुमोदनाला तो फोटो सोबत न्या. कोपऱ्यात बसलेली एखादी लांबची मावशी तो चेहरा ओळखेल.